थायलंडमध्ये काय खावे? आधी घड्याळ बघा, मग गाव, मग पदार्थ

नाशिकच्या एका ताईंनी विचारले आहे: जानेवारीत त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई बँकॉक, चियांग माय आणि क्राबी असा प्रवास करणार आहेत. ते दोघे सगळे खातात, फक्त बीफ नको. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडेसुद्धा नाही. पॅड थाय आणि ग्रीन करी इथल्या हॉटेलांत खाऊन झाली आहे. तिथे जाऊन त्यापलीकडे काय खावे, कुठे खावे आणि सासूबाईंची सोय कशी करावी?

मी बरीच वर्षे बँकॉकच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम केले आणि आता मराठी मंडळींना तिथे खाण्यासाठी फिरवतो. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी, की पदार्थांची यादी खिशात घालून निघू नका. थायलंडमध्ये पदार्थाला वेळ असते आणि गाव असते. क्राबीत खाओ सोइ, म्हणजे नारळी रश्श्यातल्या नूडल्स, मागितली तर मिळेल, पण ती चियांग मायची नसेल. दुपारी तीनला करी-भाताच्या गाडीवर गेलात तर तळाशी उरलेले मिळेल. उलट, चांगली गाडी एकच पदार्थ करते आणि तोच वर्षानुवर्षे करते. ज्या दुकानाच्या मेनूत पिझ्झापासून तोम यामपर्यंत सगळे आहे, तिथून पुढे चालू लागा.

सकाळी चोक खा. तांदूळ पार विरघळेपर्यंत शिजवलेली घट्ट पेज, त्यात डुकराच्या खिम्याचे गोळे, आल्याचे बारीक काप, पातीचा कांदा आणि हवे तर कच्चट अंडे. शेजारी पाथाँगको तळणारा असतोच. पिठाच्या या जोड-कांड्या गरम सोया दुधात किंवा कंडेन्स्ड मिल्कमध्ये बुडवून खातात. हॉटेलच्या बुफेत एक सकाळ वाया घालवली नाही तरी चालते, खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला असला तरीही.

अकरा ते एक ही करी-भाताची वेळ, म्हणजे खाओ काएंग. काचेमागे किंवा उघड्यावर दहाबारा परातींत करी, परतलेल्या भाज्या, तळलेले मासे मांडलेले असतात. भाताची ताटली घ्यायची आणि बोटाने दाखवत दोन पदार्थ त्यावर घालून घ्यायचे. भाषा येण्याची गरज नाही, साधारण ५० ते ८० बाटमध्ये जेवण होते आणि थाय माणूस घरी काय खातो ते इथे कळते. नवख्या माणसाला मी पहिल्या दुपारी इथेच नेतो.

कारण हॉटेलात बसून एकेका माणसाने एकेक डिश मागवली, की थाय जेवणाचा तोलच कळत नाही. घरचे जेवण मधोमध मांडतात: एक आंबट पातळ, एक करी, एक परतलेले, एक कच्च्या भाज्यांसोबतचे नाम फ्रिक, म्हणजे मिरचीची चटणी, आणि प्रत्येकाच्या ताटात भात. एका वेळी एका भांड्यातून चमचाभर घ्यायचे. करी एकटी खाल्ली तर फार गोड, नाम फ्रिक एकटे खाल्ले तर फार खारट, तोम याम एकटे प्यायले तर फार आंबट. भातावर एकामागून एक घेतले की जमते. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याने फक्त चमच्यावर ढकलायचे. चॉपस्टिक्स नूडल्सच्या वाडग्यापुरत्या.

टेबलावरच्या चार वाट्यांकडे बहुतेक भारतीय बघतही नाहीत. एकीत साखर, एकीत सुक्या मिरचीची भरड, एकीत मिरच्या घातलेला व्हिनेगर आणि एकीत नाम प्ला, म्हणजे मासे मिठात महिनोन्महिने आंबवून काढलेले खारे पाणी, त्यात मिरचीचे तुकडे. नूडल्सचा वाडगा पुढ्यात आला की आधी तसाच चाखायचा आणि मग या चार वाट्यांतून आपल्या जिभेला लावून घ्यायचा. स्वयंपाक्याचा अपमान होत नाही; तो पदार्थ अर्धवट तुमच्यावर सोडूनच देतो. ‘सपक होते’ अशी तक्रार ज्यांनी केली त्यांनी बहुधा या वाट्यांना हात लावलेला नसतो.

पॅड थाय खाऊन झाला म्हणता, तरी एक प्लेट तिथे खाच. हा पदार्थ तसा जुना नाही. देशाचे नाव सयामचे थायलंड झाले १९३९ साली. त्याच काळात पंतप्रधान फिबुनसाँगख्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय ओळख घडवण्याच्या मोहिमेत या नूडल्सना पुढे आणले. नूडल्स आणि कढईत परतायची रीत चिनी. चिंच, माडाचा गूळ आणि नाम प्ला ही चव तिथली. खरा पॅड थाय लाल नसतो, त्यात केचप नसते. त्यात सुकी कोळंबी, घट्ट टोफू आणि खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे असतात, आणि बाजूला केळफुलाची कच्ची फोड, मोड आणि लिंबू. केळफूल बाजूला सारू नका. त्याचा तुरटपणा गोडावर उतारा आहे. बँकॉकच्या महाचाय रस्त्यावरचे थिप समाय हे दुकान १९६६ पासून प्रसिद्ध आहे. रांग असते, पण भराभर सरकते. त्याच रस्त्यावर गॉगल घालून कोळशाच्या शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या जे फाय यांचे दुकान आहे. बँकॉकच्या पहिल्याच, २०१८ सालच्या मिशेलिन गाइडमध्ये त्यांना तारा मिळाला. त्यांचे खेकड्याचे ऑम्लेट उत्तमच आहे, पण सासूबाईंना घेऊन तासन् तास थांबण्यासारखे नाही.

तोम याम कुंगला, म्हणजे कोळंबीच्या आंबट-तिखट सूपला, डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. दोन प्रकार असतात: नाम साय म्हणजे स्वच्छ पाण्यासारखा रस्सा आणि नाम खोन म्हणजे आटवलेले दूध घालून दाट केलेला. पहिल्यांदा नाम साय घ्या, म्हणजे गवती चहा, कोळिंजन (आल्याच्या जातीचे मूळ) आणि मक्रुत लिंबाची पाने वेगवेगळी ओळखू येतील. हे तिन्ही खायचे नसतात, वाटीतच राहू द्यायचे. आमच्या गटातले कोणी ना कोणी कोळिंजनाचा काप चावतोच.

फात काफ्राव हा मात्र मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. दुपारी ऑफिसातली माणसे काय खावे हे सुचले नाही की हाच मागवतात. लसूण-मिरची खलून तेलात, त्यावर खिमा, नाम प्ला, आणि शेवटी ओंजळभर काफ्राव, म्हणजे आपल्याच जातीची तुळस. भातावर घालून वर कडेने कुरकुरीत झालेले तळलेले अंडे. तुळस जेवणात पाहून पहिल्या क्षणी आपल्याला अवघडल्यासारखे होते, पण तिकडे ती रोजची भाजीतली पानेच आहेत. ग्रीन करीत जाते ती होराफा, तिला बडीशेपेसारखा गंध असतो, आणि त्या दोघींची अदलाबदल थाय स्वयंपाकी करत नाही. खिमा बहुधा डुकराचा असतो. कोंबडी हवी तर ‘काय’ म्हणा. इथे उच्चार सांभाळा: ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडे. ‘क’ आणि ‘ख’ मराठी तोंडात आधीच वेगळे आहेत, तेव्हा तुमचे काम सोपे.

बीफला तिथे ‘नुआ’ म्हणतात. ‘माय आव नुआ’ म्हटले की पुरते, आणि कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. चिनी वंशाचे, कुआन इम देवीला मानणारे कितीतरी थाय लोक स्वतःच बीफ खात नाहीत. सावध राहायचे ते बोट नूडल्सबाबत. पूर्वी कालव्यातल्या होड्यांतून विकली जाणारी ही दोन घासांची वाटी फारच चविष्ट असते, बँकॉकच्या व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ लोक वाट्यांचे मनोरे रचतात, पण तिचा रस्सा दाट होतो तो डुकराच्या किंवा गाईच्या रक्ताने. माहीत असून खाल्ले तर ठीक, नंतर कळून मन खट्टू होऊ नये म्हणून सांगतो. सौम्य काही हवे असेल तर खाओ मान काय: कोंबडीच्या अर्कात आणि चरबीत शिजवलेला भात, वर उकडलेली कोंबडी, सोबत आले-मिरची आणि आंबवलेल्या सोयाबीनची चटणी. हायनानहून आलेल्या चिन्यांनी आणलेला पदार्थ. लहान मुलांनाही चालतो.

संध्याकाळ इसानची. इसान म्हणजे लाओसला लागून असलेला ईशान्य भाग. तिथली माणसे कामधंद्यासाठी बँकॉकला आली आणि त्यांचे जेवण सगळ्या देशाचे झाले. मातीच्या उभट उखळात लाकडी मुसळाचा ठक-ठक आवाज ऐकू आला की तिकडे वळा. सोम ताम तिथे कुटतात: लसूण, मिरची, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, माडाचा गूळ, लिंबू, आणि मग कच्च्या पपईचा किस. कुटायचे म्हणजे ठेचायचे नाही. एका हाताने मुसळ, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालून वर, पपई फक्त चेमटली पाहिजे. सोम ताम थायमध्ये शेंगदाणे आणि सुकी कोळंबी असते, तुम्ही यानेच सुरुवात करा. सोम ताम प्ला रामध्ये आंबवलेले मासे असतात. वास उग्र, पण सुकट-बोंबलावर वाढलेल्या कोकणी माणसाला तो परका वाटत नाही, असे मी पाहिले आहे. मिरच्या किती, हे कुटणारी बाई विचारते. आपण महाराष्ट्रातले म्हणून छाती फुगवू नका. ती बारीक फ्रिक खी नू फार तिखट असते. ‘फेत नित नॉय’, थोडेसे तिखट, असे म्हणून एका मिरचीपासून चढत जा.

यासोबत काय यांग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, आणि लाप: खिमा, लिंबू, पुदिना, कच्चा छोटा कांदा आणि भाजून भरडलेला चिकट तांदूळ. त्या तांदळाच्या खमंगपणावर सगळा लाप उभा असतो. चिकट भात, खाओ निआव, बांबूच्या टोपलीत येतो आणि तो हातानेच खायचा. छोटा गोळा करायचा, दाबायचा, लापात बुडवायचा. आपल्या बोटांना हे शिकवावे लागत नाही.

रात्रीच्या माशांसाठी बँकॉकचा यावरात, म्हणजे चायनाटाऊन. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी पुष्कळ गाड्या बंद असतात. मासळीचा भाव मेनूत बहुधा १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो. ऑर्डर देण्याआधी वजन करून एकूण किती होतील ते विचारा. सोबत हिरवी मिरची-लसूण-लिंबाची आंबट चटणी येते, तिच्याशिवाय तिथला मासा अपुरा.

चियांग मायला पोचलात की नारळाचे दूध जवळजवळ मागे पडते. उत्तरेत डोंगर, थंडी, आणि ब्रह्मदेश व चीनच्या युनान प्रांताकडून आलेली चव. अपवाद खाओ सोइचा, आणि तोच तिथला सर्वांत मोठा पदार्थ. अंड्याच्या चपट्या नूडल्स, हळद-मसाल्याचा नारळी रस्सा, मऊ शिजलेला कोंबडीचा पाय, वर तळलेल्या नूडल्सचा कुरकुरीत झुबका. बाजूला खारवलेली मोहरीची पाने, कच्चा छोटा कांदा, लिंबू आणि तेलातली भाजकी मिरची. हे चारही घातल्याशिवाय पहिला घास घेऊ नका. युनान प्रांतातल्या मुस्लिम व्यापाऱ्यांशी या पदार्थाचे नाते आहे, म्हणून बान हॉ मशिदीच्या आसपासच्या हलाल दुकानांतली खाओ सोइ चुकवू नये. बीफचीही मिळते, तेव्हा ‘काय’ म्हणायला विसरू नका.

सकाळी वारोरोत बाजारात जा. तिथे नाम फ्रिक नुम मिळेल: हिरव्या लांबट मिरच्या, लसूण, छोटे कांदे निखाऱ्यावर भाजून उखळात ठेचलेले. ठेच्याच्या इतके जवळ मी दुसरे काही खाल्लेले नाही. उकडलेल्या भाज्या, डुकराची तळलेली कातडी आणि चिकट भात यांच्याबरोबर खातात. त्याच गल्लीत साय उआ, म्हणजे गवती चहा आणि लिंबाची पाने कुटून भरलेले सॉसेज, कोळशावर गुंडाळी करून भाजत असतात. वेळ असेल तर खानोम चीन नाम न्गिआव चाखा. टोमॅटोचा आंबट रस्सा, त्यात काटेसावरीच्या फुलांचे सुकवलेले पुंकेसर. काटेसावर आपल्याकडे रानोमाळ फुलते आणि पायाखाली जाते. तिथे ती रश्श्यात पडते. यातही रक्ताचे तुकडे असतात, ते नको असतील तर आधीच सांगा.

क्राबी म्हणजे दक्षिण, आणि दक्षिणेत तिखटाला सूट नाही. काएंग सोम ही हळदीची, नारळ नसलेली, झणझणीत आंबट माशांची करी; मालवणी माणूस भातावर ओतून घेईल. खुआ क्लिंग म्हणजे कोरडा परतलेला खिमा, आणि त्याचा तिखटपणा हळूहळू चढत जातो. मसामन करीही इकडचीच मानली जाते: वेलची, दालचिनी, लवंग, जिरे, बटाटा, शेंगदाणे. हे मसाले मुस्लिम व्यापाऱ्यांबरोबर आले, आणि राजा राम दुसरा याच्या काव्यातही या करीचे कौतुक आहे. ज्यांना थाय जेवण फार परके वाटते, त्यांना मी मसामनने सुरुवात करून देतो. क्राबीची स्वतःची खास वस्तू म्हणजे होय चाक तीन, छोटे शंख. उकडून चटणीसोबत येतात, बाहेर आलेल्या नखीला धरून ओढायचे. आओ नांगच्या किनाऱ्यावर राहणार असाल तरी एक संध्याकाळ क्राबी गावातल्या रात्रबाजारात काढा. किनाऱ्यावरची हॉटेले परदेशी जिभेला सोसेल असेच बनवतात.

आता सासूबाई. अडचण मांसाची नाही, ते दिसते. अडचण न दिसणाऱ्या तीन गोष्टींची: नाम प्ला, ऑयस्टर सॉस आणि कापी. कापी म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली पेस्ट, आणि ती बहुतेक करींच्या वाटणातच असते. म्हणून ‘व्हेज ग्रीन करी’ मागितली तर टोफू घालून आणतात, पण वाटण तेच. ‘व्हेजिटेरियन’ शब्दावर अजिबात विसंबू नका.

शब्द वापरायचा तो ‘चे’. चिनी बौद्ध परंपरेतला हा आहार: मांस, मासे, अंडे, दूध काहीच नाही, आणि कांदा-लसूणही नाही. दुकानाबाहेर पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर असते; ते आपल्याला इंग्रजी आकड्यांतल्या 17 सारखे दिसते. ती पाटी दिसली की निश्चिंत आत जा. सासूबाईंनी म्हणायचे, ‘चान किन चे खा’. ‘मांगसाविरात’ म्हणजेही शाकाहार, पण त्यात अंडे येऊ शकते. जैन मंडळींनी लक्षात ठेवावे की ‘चे’मध्ये बटाटा, गाजर, अरवी चालते. दर वर्षी चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवसांचा ‘चे’ उत्सव असतो, फुकेतला सर्वांत मोठा. तेव्हा सगळा देश पिवळ्या झेंड्यांनी भरतो. जानेवारीत दुकाने शोधावी लागतील, पण बाजारांजवळ, चिनी देवळांच्या आसपास आणि मॉलच्या फूड कोर्टात सापडतात.

‘चे’ दुकानात काय मागवावे? मशरूमचा लाप, मशरूमचे तोम याम, सोया सॉस घातलेले सोम ताम. चियांग मायला शाकाहारी खाओ सोइ सहज मिळते. फक्त नूडल्स बिनअंड्याच्या आहेत ना, ते विचारा. साध्या गाडीवर सोम ताम ‘माय साय नाम प्ला’, नाम प्ला घालू नका, असे सांगून मिळते, पण उखळ तेच असते. सासूबाईंना ते चालणार नसेल तर गाडी टाळा. पाक बुंग, म्हणजे नाळीची भाजी, मोठ्या आचेवर लसूण-मिरचीत परततात. ती प्रत्येक ठिकाणी मिळते, पण ऑयस्टर सॉसऐवजी सोया सॉस घालायला सांगावे लागते. मियांग खामही जरूर विचारा: पानावर खोबरे, आले, लिंबाच्या फोडी, शेंगदाणे ठेवून विड्यासारखी घडी करून तोंडात टाकायची. सुकी कोळंबी वगळता येते. सोबतच्या गुळाच्या पाकात कापी आहे का, ते मात्र विचारून घ्या. आणि अगदीच पोळी-भाजीची आठवण झाली तर बँकॉकच्या फाहुरात भागात भारतीय वस्ती आहे, गुरुद्वाराही आहे.

गोडात सासूबाईंची चंगळ आहे. खानोम ख्रोक आप्पेपात्रासारख्याच खोलगट तव्यात होतात: तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध, कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. गाडीवर गरम असतानाच खा, पण जीभ सांभाळून. लूक चूप म्हणजे मूगडाळीच्या गोड सारणाची चिमुकली फळे, वर आगरचा चकचकीत थर. आंबा आणि चिकट भात जानेवारीतही मिळेल, पण नाम डोक माय आंब्याचा खरा मोसम मार्च ते मे. तेव्हा आंबा कसा आहे ते बघून मगच घ्या. भातावर ओतलेले खारट नारळी दूध वेगळे काढू नका.

सोनेरी दोऱ्यांसारखे फॉय थाँग आणि थाँग यिप अंड्याच्या बलकाचे, म्हणजे तुम्हा दोघांसाठी. १७व्या शतकात अयुथया या तेव्हाच्या राजधानीत राजा नारायच्या दरबारी असलेल्या मारिया गुयोमार द पिन्हा या पोर्तुगीज-जपानी वंशाच्या स्त्रीला त्यांचे श्रेय देतात. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये आणि १५११ मध्ये त्यांचा दूत अयुथयाला पोचला. अंड्याची ही मिठाई आणि मिरची, दोन्ही त्यांच्याच जहाजांतून आल्या. गोव्याच्या आणि थायलंडच्या स्वयंपाकात नारळ, आंबट आणि मिरची इतकी एकमेकांना ओळखीची का वाटतात, याचे अर्धे उत्तर तिथे आहे. उरलेले अर्धे किनाऱ्यावरच्या माडांत.

पिण्यासाठी नारिंगी थंड चहा सगळे घेतात. मी म्हणेन, नाम मातूम घ्या: सुकवलेल्या बेलफळाच्या चकत्यांचा उकाळा, गार किंवा गरम. आणि नाम आंचान, म्हणजे गोकर्णाच्या निळ्या फुलांचे सरबत, लिंबू पिळले की जांभळे होते. मध्ये भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातला असतो, तो बिनदिक्कत चालतो. पाणी मात्र बाटलीचेच.

येताना वारोरोत बाजारातून सुकी लिंबाची पाने आणि कोळिंजनाच्या सुक्या चकत्या घ्या, हलक्या असतात आणि टिकतात. करीचे वाटण घ्यायचे तर ओले सुटे न घेता सीलबंद पाकिटातले घ्या, नाहीतर कापीचा वास सगळ्या कपड्यांना लागेल. नाम प्लाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून चेक-इन सामानातच टाका. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी असेल तर हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत.